मास्टर्स-पीएचडीवाल्यांच्या सोसायटीची निवडणूक लढवायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कॅनडात व्हँकुव्हरला इंजिनीअरिंगमध्ये पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, स्टडी परमिटवर आहात, टीएचं (शिकवण्यात प्राध्यापकाच्या मदतनीसाचं) काम करता. विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्टुडंट सोसायटीच्या अध्यक्षपदाला येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उभं राहायचं मनात आहे. भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साडेतीनशे जण आहेत. तेवढ्या बळावर निघेल का, गाईडला कधी सांगायचं, परमिटला धोका आहे का, आणि खर्च किती येतो?

चारही प्रश्नांची उत्तरं देतो, पण पाचवा तुम्ही विचारलाच नाहीत आणि तोच पहिला आहे. निवडून आलात तर पुढचं अख्खं वर्ष आठवड्याचे किती तास तुमच्या हातात आहेत? प्रचार दोन आठवड्यांत संपतो, पद बारा महिने पुरतं. कँडिडसी परीक्षा (थिसिसकडे वळण्याआधीची पीएचडीची मोठी परीक्षा) नेमकी त्याच वर्षात येत असेल, तर अध्यक्षपद सोडून दुसरं काहीतरी बघा. त्यावर पुढे येतोच.

आधी ही सोसायटी म्हणजे काय चीज आहे ते नीट समजून घ्या. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद केल्या. २०१६च्या कायद्यात तरतूद परत आली, तरी बहुतेकांनी कॅम्पसवरची निवडणूक प्रत्यक्ष पाहिलेलीच नसते. त्यामुळे डोक्यात चित्र असतं ते एक तर सिनेमातलं, नाही तर गॅदरिंगच्या सेक्रेटरीचं. इथली सोसायटी दोन्हीत बसत नाही. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ती विद्यापीठापासून वेगळी, कायद्याने नोंदलेली संस्था असते. वर्गणी विद्यापीठ ट्यूशन फीबरोबर गोळा करतं आणि सोसायटीकडे वळती करतं. त्या पैशातून हेल्थ-डेंटल प्लॅन, यू-पास (बस-ट्रेनचा विद्यार्थी पास), इमारत, पगारी कर्मचारी, कार्यक्रम, विद्यार्थ्यांच्या तक्रारींत मदत हे सगळं चालतं. यातली प्लॅनची आणि पासची रक्कम फक्त हातातून जाते, ती दुसरीकडे खर्चता येत नाही. 'सोसायटीकडे एवढे लाख डॉलर आहेत, मी ते ग्रँट म्हणून वाटीन' असं म्हणणारा उमेदवार पहिल्याच चर्चेत उघडा पडतो, तो इथेच.

या संस्थेच्या संचालक मंडळावर तुम्ही बसणार. प्रांताचा सध्याचा सोसायटीज अ‍ॅक्ट नोव्हेंबर २०१६पासून लागू आहे आणि त्यात संचालकाची कर्तव्यं स्पष्ट लिहिली आहेत : प्रामाणिकपणे, संस्थेच्या हिताला धरून आणि वाजवी काळजी घेऊन काम करायचं. एखाद्या व्यवहारात स्वतःचा संबंध असेल तर तो उघड करायचा, मतदान करायचं नाही, चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचं. रूममेटच्या केटरिंगला दिवाळीची ऑर्डर द्यायची वेळ येते तेव्हा हे कलम आठवतं.

त्याच कायद्याचा एक फायदा उमेदवाराने जरूर घ्यावा. संस्थेची आर्थिक विवरणं आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क सदस्याला आहे, आणि संचालकांना दिलेलं मानधन विवरणांत दाखवावंच लागतं. म्हणजे कोणत्या पदाला किती पैसे मिळतात हे कुणाला दबकत विचारायची गरज नाही. मागच्या दोन वर्षांची विवरणं उघडा, शेवटच्या पानांवरच्या टिपा वाचा. मग बायलॉज (संस्थेचे पोटनियम) वाचा, त्यानंतर निवडणुकीची नियमावली, त्यानंतर कौन्सिलच्या (विभागांचे प्रतिनिधी बसतात त्या सभेच्या) मागच्या सहा बैठकांची मिनिट्स. दोन संध्याकाळचं काम आहे. समोरच्या उमेदवारांपैकी बहुतेकांनी ते केलेलं नसतं.

मिनिट्स वाचताना एकच गोष्ट शोधा : कोणता विषय पुन्हापुन्हा पुढे ढकलला जातोय. इमारतीची दुरुस्ती, विमा कंपनीशी करार, कोरमअभावी रद्द झालेली सभा, काहीही असू शकतं. नव्या अध्यक्षाच्या टेबलावर पहिल्या महिन्यात तेच येऊन पडणार, आणि उमेदवारांच्या चर्चेत जुना कौन्सिलर प्रश्न विचारेल तोही त्यावरच.

आता पद कोणतं. नावं आणि वाटण्या विद्यापीठागणिक बदलतात, पण साधारणपणे अध्यक्ष आणि तीन-चार उपाध्यक्ष असतात : अर्थ, शैक्षणिक, बाह्य संबंध, विद्यार्थी सेवा. अध्यक्षाचा वेळ जातो बैठकांत, जनरल मॅनेजरबरोबरच्या रोजच्या कामात आणि दुसऱ्या कुणी न उचललेल्या भांडणांत. अर्थवाल्याचं काम ठरावीक काळात दाटून येतं, बजेटचे दोन महिने आणि ऑडिटचा एक. बाकी वर्ष बरंचसं सह्यांचं. शैक्षणिक पदावर विद्यापीठाच्या समित्यांचा सपाटा, पण त्या तारखा महिनोन् महिने आधी कळतात. म्हणून ज्याचा प्रयोग लॅबमध्ये रात्री-अपरात्री चालतो त्याला शैक्षणिक किंवा अर्थ झेपतं, अध्यक्षपद अवघड जातं. अध्यक्षाला फोन कधीही येतो.

तुम्ही अजून कौन्सिलवर बसलेलाही नाही, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. माझं स्पष्ट मत : एकाही बैठकीला न बसता थेट अध्यक्षपदाला उभं राहू नका. नियम आड येत नाही, अनुभव येतो. विभागाच्या प्रतिनिधीची जागा बऱ्याच ठिकाणी रिकामी असते, विभागाच्या संघटनेने एक ईमेल केला की मिळते. डिसेंबर-जानेवारीच्या दोन बैठका त्या खुर्चीवर बसून काढा. रॉबर्ट्स रूल्सची, म्हणजे बैठक चालवायच्या नियमांची, भाषा कानावर पडते : ठराव मांडणं, अनुमोदन, दुरुस्ती, पॉइंट ऑफ ऑर्डर (नियम मोडल्याची हरकत). चर्चा थांबवून थेट मतदान घ्यायचं तर दोन-तृतीयांश मतं लागतात, हे माहीत नसलेला अध्यक्ष पहिल्या तापलेल्या बैठकीत गोंधळतो, आणि एकदा गोंधळला की वर्षभर सभागृह त्याला खेळवतं.

मतांचं गणित

तुमचे साडेतीनशे. या ग्रुपची चाळणी करून बघा. अंडरग्रॅज्युएट काढा, त्यांची संघटना वेगळी असते. शेजारच्या कॉलेजांतले काढा, पास होऊन टोरांटोला गेलेले काढा, 'भाड्याने खोली हवी' म्हणून शिरलेले काढा. उरलेल्यांत मत देण्याचा हक्क असलेले किती, आणि त्यातले खरंच मेल उघडून मत देणारे किती? अशा ग्रुपमधून साठ-सत्तर मतं निघाली तरी पुष्कळ झालं. शिवाय 'भारतीयांचा उमेदवार' असा शिक्का बसला, की इराणी, चिनी, ब्राझिलियन आणि इथल्याच विद्यार्थ्यांचे दरवाजे तुम्ही स्वतः बंद केले म्हणून समजा. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन 'आपल्या माणसाला मत द्या' हा प्रकार तर मुळीच नको. त्या हॉलमध्ये मतदार पाच आणि फोटो काढणारे पन्नास असतात, आणि फोटो नको तिथे पोहोचतो.

गणित असं मांडा. आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत, तुमच्या सोसायटीचे मागच्या निवडणुकीच्या निकालपत्रात मिळतील. समजा सदस्य ८,००० आणि मतदान १० टक्के, म्हणजे ८०० मतं. तिघे उभे असतील तर साडेतीनशेच्या आसपास पोहोचलेला उमेदवार बहुधा निघतो. ती मतं एका ग्रुपमधून येत नाहीत. पंधरा विभागांतून सरासरी पंचवीस आली तर ३७५ होतात. पंचवीस मतं म्हणजे एका विभागात तुम्हाला ओळखणारी आणि चार जणांना सांगणारी पाच माणसं. सगळी निवडणूक या हिशेबावर उभी आहे.

पसंतीक्रमाची पद्धत असेल तर गणित किंचित बदलतं. तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं दुसऱ्या पसंतीला जातात. तेव्हा त्याच्या मतदाराला 'पहिली पसंती त्याला द्या, दुसरी मला' एवढं सांगायला लाजू नका, आणि त्या उमेदवाराबद्दल वाकडं बोलू नका. आणि एकटेच उभे असाल तर? असं बऱ्याच पदांना होतं. अनेक नियमावल्यांत तेव्हा हो-नाही असं मतदान घेतात. 'बिनविरोध' म्हणून घरी बसलेल्याला नाहीची मतं नडतात.

यादी कशी ठेवायची ते दाखवतो. एक साधी एक्सेल शीट, एका विभागाला एक ओळ. 'रसायनशास्त्र. साधारण १५० विद्यार्थी. ओळखीची : तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमधली दोघं, सेफ्टी कमिटीवरची एक. मंगळवारी ग्रुप मीटिंग अकराला सुटते, सगळे कॉफीला खाली येतात. तक्रार : रात्री आठनंतर इमारतीचं कार्ड चालत नाही. गेलो : १४ जानेवारी. परत जायचं : मतदानाच्या पहिल्या दिवशी.' अशा पंधरा ओळी. यातला तक्रारीचा रकाना सर्वांत मोलाचा. पोस्टरवर 'तुमचा आवाज' लिहिण्यापेक्षा त्या मजल्यावर 'कार्डाचं काय झालं?' असं विचारलं की माणूस हातातला मग खाली ठेवून बोलायला लागतो.

मात्र तारखेकडे लक्ष द्या. नॉमिनेशनआधी लोकांना भेटणं, अडचणी विचारणं यात गैर काही नाही. 'मी उभा राहतोय, मत द्या' हे वाक्य प्रचार सुरू व्हायच्या आधी उच्चारलं की बऱ्याच नियमावल्यांत तो भंग ठरतो. शंका असेल तर निवडणूक अधिकाऱ्याला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी मिळालेली परवानगी तक्रारीच्या वेळी कुणाला आठवत नाही.

फॉर्म आणि प्रचार

नॉमिनेशन फॉर्म बाद होतात ते अगदी किरकोळ कारणांनी. सह्या करणाऱ्यातला एक मागच्याच महिन्यात थिसिस जमा करून मोकळा झालेला असतो, एक अंडरग्रॅज्युएट निघतो, एकाच्या स्टुडंट नंबरातला एक आकडा चुकतो. पंधरा सह्या लागत असतील तर बावीस-तेवीस घ्या, शक्यतो चार-पाच विभागांतून. फॉर्म शेवटच्या तासाला देऊ नका, दोन दिवस आधी द्या, म्हणजे त्रुटी निघाली तर दुरुस्त करता येते. उमेदवारांची एक सक्तीची बैठक असते. तिला गैरहजर राहिल्याने उमेदवारी गेली, असंही होऊ शकतं. त्या वेळी टीएचा तास असेल तर आधीच लेखी कळवा.

खर्चाचं उत्तर सोपं आहे. मर्यादा नियमावलीत असते, बहुतेकदा लहान असते आणि काही ठिकाणी पावत्या दिल्यावर परतही मिळते. भारतात विद्यार्थी निवडणुकांवरच्या लिंगडोह समितीने उमेदवाराला पाच हजार रुपयांची मर्यादा सुचवली होती, तसाच हा विचार. लोक चुकतात फुकट मिळालेल्या वस्तूंमध्ये. मित्राने पोस्टरचं डिझाइन केलं, कुणी लॅबच्या प्रिंटरवर शंभर पानं काढून दिली. पहिल्याची बाजारभावाने किंमत धरून हिशेबात दाखवावी लागू शकते, दुसरं तर संस्थेच्या साधनांचा गैरवापर. पिझ्झा वाटून मत मागणं टाळाच. पैसे खर्चायचेच असतील तर छोट्या कार्डांवर खर्चा : नाव, पद, तीन मुद्दे, मतदानाच्या तारखा. पोस्टर कुणी वाचत नाही. कार्ड निदान मॉनिटरला टेकून उभं राहतं.

टीए म्हणून हातात आलेली ईमेलची यादी वापरू नका. खाजगी माहितीचा तो दुरुपयोग आहे, आणि त्यात मतदारही फारसे नसतात. विभागाच्या मेलिंग लिस्टवर काही जायला हवं असेल तर ते सेक्रेटरीमार्फत आणि सगळ्या उमेदवारांना सारखीच संधी देऊन. आणि सर्वांत महागात पडणारी चूक : आपला फोन किंवा लॅपटॉप समोर धरून 'आत्ताच दे की मत' म्हणणं. मतदान गुप्त असतं. शेजारी उभं राहून मत द्यायला लावणं यावरून जिंकलेला माणूस अपात्र ठरू शकतो.

मुद्दे तीनच ठेवा, आणि प्रत्येकाला स्वतःच विचारा : हे सोसायटीच्या हातात आहे का? टीएंचा पगार युनियन ठरवून घेते. यूबीसीत (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात) ती क्युपी २२७८, सायमन फ्रेझर विद्यापीठात टीएसएसयू. सोसायटी पाठिंबा देऊ शकते, वाटाघाट करू शकत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची फी गोठवण्याचं वचन तर देऊच नका. प्रांताने २००५पासून फीवाढीला वर्षाला दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण ती इथल्या विद्यार्थ्यांपुरती. आंतरराष्ट्रीय फी विद्यापीठाचं बोर्ड ठरवतं. तिथे सोसायटी काय करू शकते? आकडे गोळा करून मांडू शकते, फीवाढीची सूचना प्रवेश घेतानाच लेखी मिळावी असा आग्रह धरू शकते. हे ऐकायला फिकं वाटतं, पण 'कसं करणार?' या पुढच्या प्रश्नाला उत्तर तयार असतं. पूर्णपणे सोसायटीच्या हातातलं म्हणजे हेल्थ प्लॅनमधून बाहेर पडण्याची मुदत जानेवारीत येणाऱ्यांना नीट कळवणं, तक्रारींसाठी मदतनीसाचे तास वाढवणं, इमारतीतल्या खोल्यांचं बुकिंग. अशा दोन गोष्टी आणि वरच्यापैकी एक, एवढं पुरतं.

उमेदवारांच्या चर्चेत बोलताना इंग्रजी उच्चारांची काळजी वाटत असेल, तर ती सोडा. श्रोत्यांत अर्धे बाहेरदेशचे असतात. अडचण वेगाची असते. घाबरलो की आपण भराभर बोलतो. एका मिनिटाचं निवेदन सुमारे ११० शब्दांचं लिहा, त्याहून एकही जास्त नको, आणि घड्याळ लावून दहा वेळा मोठ्याने म्हणा.

मतदानाच्या दिवसांत पहिला आणि शेवटचा दिवस पकडा. लिंक विद्यापीठाच्या ईमेलवर येते, आणि निम्मे लोक तो पत्ता उघडतच नाहीत किंवा मेल जंकमध्ये गेलेला असतो. म्हणून 'मत द्या' असा निरोप पाठवू नका. 'अमुक विषयाचा मेल काल सकाळी नऊला आलाय, जंकमध्ये बघ, गुरुवारी पाचला बंद होतंय' असा पाठवा. तोही ग्रुपवर नव्हे, एकेकाला. यादीतल्या पंच्याहत्तर माणसांना असे निरोप धाडायला दोन तास लागतात, आणि सगळ्या प्रचारात याहून फळणारे दोन तास नाहीत.

गाईड आणि परमिट

गाईडला फॉर्म भरण्याआधी सांगा. निकालानंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ते जिव्हारी लागतं. 'उभा राहू का?' असं विचारलंत तर उत्तर बहुधा 'थिसिसचं काय?' असं येतं. त्याऐवजी एक पान घेऊन जा : पुढच्या बारा महिन्यांतले टप्पे, कँडिडसीची तारीख, पदाला लागणारे तास, आणि टीएशिप सोडल्याने सुटणारे तास. टीएशिपच्या जागी मानधन येत असेल तर हिशेब बरोबरीत सुटतो, आणि हे कागदावर दिसलं की बोलणं सोपं जातं. गाईडच्या ग्रँटमधून स्टायपेंड मिळत असेल, किंवा स्कॉलरशिपमध्ये कामाच्या तासांची अट असेल, तर ते पत्र आधी वाचा.

परमिटचं पाहू. विद्यार्थी संघटनेकडची कॅम्पसवरची नोकरी ऑन-कॅम्पस कामातच धरली जाते. पूर्णवेळ विद्यार्थी असाल आणि परमिटवर कामाची मुभा असेल, तर तिला तासांची मर्यादा नाही. आठवड्याला २४ तासांची मर्यादा नोव्हेंबर २०२४पासून आहे ती कॅम्पसबाहेरच्या कामाला. परमिट संपत आलं असेल तर सिन नंबरची (कॅनडात पगारी कामासाठी लागणाऱ्या क्रमांकाची) मुदतही त्याबरोबर संपते, ती वेळेत वाढवून घ्या, नाही तर पगार अडकतो. खरा धोका वेगळाच : काही जण 'पदाच्या वर्षात रजा घेतो, थिसिस नंतर' असा विचार करतात. असं करू नका. अधिकृत रजेच्या काळात परमिटवर काम करता येत नाही, रजा दीडशे दिवसांपलीकडे गेली तर परमिटच्या अटीच मोडतात, आणि बऱ्याच बायलॉजमध्ये नोंदणी थांबली की सदस्यत्व जातं, सदस्यत्वाबरोबर पदही. तुमच्या कागदपत्रांत काही वेगळं असेल तर विद्यापीठातल्या परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराकडून तपासून घ्या. हे काम फुकट होतं.

निकालानंतर

जिंकलात तरी कौन्सिलची मंजुरी येईपर्यंत आनंद आटोपता ठेवा. तक्रारींची मुदत एक-दोन दिवसांची असते. कुणी काही केलंच तर स्क्रीनशॉट, वेळ आणि कलमाचा नंबर देऊन लेखी कळवा, ग्रुपवर नको. खर्चाच्या पावत्या मुदतीत द्या. मग जुन्या पदाधिकाऱ्याबरोबर किमान तीन बैठका ठरवा आणि तीन गोष्टी मागून घ्या : चालू करारांची यादी संपण्याच्या तारखांसह, बँकेतल्या सहीचा बदल, आणि शेअर्ड ड्राइव्हचा ताबा. सहीचा बदल तीन आठवडे लोंबकळला तर तेवढे दिवस विद्यार्थ्यांच्या परताव्याचे पैसे अडकतात आणि पहिल्याच महिन्यात नाव खराब होतं.

हरलात तर शीट फेकू नका. रिकाम्या राहिलेल्या पदांची पोटनिवडणूक बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात येते, तेव्हा उमेदवार कमी असतात आणि पंधरा विभागांतली माणसं तुमच्या ओळखीची झालेली असतात. तुमची कँडिडसी उन्हाळ्यात उरकणार असेल, तर मला तर वाटतं यंदा कौन्सिलवर बसावं आणि शरदातली एखादी उपाध्यक्षाची जागा आली तर ती धरावी.